सर, इकडे पाहा

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०

सेवानिवृत्तीला त्रेपन्न दिवस उरले. म्हणून ही डायरी. शिस्तीत सुरू झालेली नोकरी शिस्तीत संपावी.

आज एक किरकोळ काम निघालं. शाळेच्या ऑफिसात आजवरच्या सात मुख्याध्यापकांचे फोटो ओळीने आहेत. सातही समोर बघतात. पायल मॅडम, म्हणजे आमच्या सहशिक्षिका, माझ्यानंतर चार्ज त्यांच्याचकडे, त्यांनी आज आठवा खिळा ठोकून घेतला आणि म्हणाल्या, निरोप समारंभाच्या आत फोटो द्या सर. स्टुडिओतला, चांगला.

माझ्याकडे फोटो नाही. आधार कार्डावर आहे, पण त्यात मी नुकताच पकडून आणल्यासारखा दिसतो. तो मशीनचा दोष. एकतीस वर्षांत दर वर्षी शाळेचा ग्रुप फोटो निघाला, एकातही मी नाही. कारण मी फोटोग्राफरच्या मागे उभा राहून पोरांना 'हलू नका' सांगत असतो. कोणीतरी सांगायलाच पाहिजे.

भीती वगैरे काही नाही. सवय नाही, एवढंच. शनिवारी काढून टाकतो. पाच मिनिटांचं काम.

८ जानेवारी, बुधवार

आरशासमोर दहा मिनिटं सराव. तीन प्रकारचं हसू ठरवलं: दात दिसणारं, न दिसणारं आणि शैक्षणिक. हंसा, माझी पत्नी, कपडे वाळत घालायला जाता-येता दोनदा दारात थांबली. तिसऱ्यांदा लवंग आणून हातावर ठेवली. कोणती दाढ, असं विचारलं.

शैक्षणिक हसू रद्द.

११ जानेवारी, शनिवार. दुपारी २.४०

सकाळची शाळा करून थेट नयनच्या स्टुडिओत गेलो. नयन जिरापुरे माझाच विद्यार्थी. सातवीत सारखा खिडकीबाहेर बघायचा म्हणून मी त्याला कितीदा तरी बाकावर उभं केलं. आता दिग्रसमध्ये बसस्टँडच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे, आणि एकेकट्या माणसाचे फोटो काढायला लोक त्याला यवतमाळपर्यंत बोलावतात. पाया पडला. मग मला स्टुलावर बसवलं.

दोन पांढऱ्या छत्र्या, आत लाइट. सर, हनुवटी थोडी खाली. सर, खांदे सैल सोडा. सर, इकडे पाहा. ज्याला मी सांगायचो तो मला सांगत होता, पण त्याचं मला काही वाटलं नाही.

भिंग माझ्याकडे वळलं आणि मान अडकली. अडकली म्हणजे मीच स्थिर ठेवली. नयन म्हणाला, सर, श्वास घ्या. मी घेतच होतो. त्याने परत सांगितलं तेव्हा लक्षात आलं, घेत नव्हतो. कानात मोटरपंप लावल्यासारखा आवाज. बोटं गार. तो 'वन, टू' म्हणाला, आणि थ्रीच्या आत मी रस्त्यावर होतो. चष्मा त्याच्याकडेच राहिला.

निष्कर्ष: स्टुडिओत हवा खेळती नाही. नयनला तसं सुचवणार.

१२ जानेवारी, रविवार

नयन चष्मा द्यायला घरी आला. नको ते सगळं हंसासमोर बोलला. तो गेल्यावर ती म्हणाली, "मलेबी काढाचा हाय. दोघायचा. आपला एकबी नाई."

मी म्हणालो, लग्नाचा रोल खराब झाला त्याला मी काय करणार? १९९३ साली आमच्या लग्नात फोटोग्राफरने रोलला उजेड लागू दिला, सगळे फोटो गेले. ही गोष्ट मी पाहुण्यारावळ्यांत शंभरदा सांगितली आहे. हंसा एरवी मान डोलावते. आज डोलावली नाही. मेथी निवडत राहिली. एक काडी तिने जरा जोरात मोडली.

दोघांचा काढू म्हणून कबूल केलं. आधी माझा एकट्याचा होऊन जाऊ दे.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ६

अडचण नेमकी समजली. अडचण नयनची आहे. विद्यार्थ्यासमोर माणूस मोकळा होत नाही. म्हणून आज पुसदला गेलो. तिथे मला कोणी ओळखत नाही.

स्टुडिओ चांगला वाटला. समोरच्या टपरीवर बसून दोन चहा होईपर्यंत निरीक्षण केलं. एक बाई लहान मुलीला घेऊन आत गेली, तीन मिनिटांत हसत बाहेर आली. म्हणजे काम सोपं आहे. मीही गेलो. मालक म्हणाला, बोला काका. मागे स्टूल दिसत होतं. मी म्हणालो, आधार कार्ड लॅमिनेट करून द्या.

त्याने सांगितलं, काका, हे लॅमिनेट केलेलंच आहे. मी म्हणालो, अजून एकदा करा.

फेरी वाया गेली असं नाही. कार्ड आता कोणत्याही हवामानात टिकेल.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उत्तम. नंतर ग्रुप फोटो. पायल मॅडमनी मधोमध खुर्ची ठेवली आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की सरांचं हे शेवटचं वर्ष, सर बसल्याशिवाय फोटो निघणार नाही. टाळ्या.

मी बसलो. खरोखर बसलो, याची नोंद घ्यावी. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला, तेवढ्यात मला वाटलं झेंड्याची दोरी सैल झाली. पाहून आलो तोवर फोटो झाला होता. दोरी घट्टच होती.

शाळा समितीचे अध्यक्ष देवराव सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सर, तुमाले फोटोत घ्याले आता जाळंच आना लागते." लोक खूप हसले. मीही हसलो. हसणं जमलं याचा अर्थ प्रगती आहे. त्या वेळी कॅमेरा बंद होता.

३१ जानेवारी, शुक्रवार

रविवारी साडेदहाची वेळ नयनकडे पक्की. दोघांचा फोटो. हंसासोबत बसलो की सगळं आपोआप होईल.

हंसाने मोरपंखी साडी काढली, ब्लाऊज उसवून पुन्हा शिवून घेतला. शेजारच्या लीलाबाईंना सांगून झालं. मुलगी अर्पिता नागपूरला नर्स आहे, तिला व्हिडिओ कॉलवर साडी दाखवून झाली. बत्तीस वर्षांत हिला एवढी लगबग करताना पाहिलं नाही. थोडं दडपण आलं. तिच्यासाठी म्हणतोय. बायका फोटोला घाबरतात.

रोज वीस मिनिटं अनुलोम-विलोम. या वेळी काही बिघडणं शक्य नाही.

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.०५

पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मन अत्यंत शांत. नाडी १०४. पण मी नुकताच गच्चीवरून उतरलो आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.३०

झालं ते असं. स्टुडिओच्या पायरीपर्यंत आम्ही बरोबर गेलो. हंसाने केसांत शेवंती माळली होती. दारातून छत्र्या दिसल्या. मला घाम आला, खिशात रुमाल नव्हता. मी म्हणालो, तू हो पुढं, मी रुमाल घेऊन आलोच. रुमाल बसस्टँडसमोर मिळतात.

बसस्टँडवर दारव्ह्याची गाडी लागली होती. मी तिच्यात चढलो कधी, ते आठवत नाही. कंडक्टर तिकीट विचारायला आला तेव्हा दोन्ही बाजूंना तुरीची वावरं दिसत होती. दारव्ह्याला उतरलो. तिथे रुमाल घेतला.

परत आलो तेव्हा साडीची घडी पलंगावर होती. शेवंती भिंतीतल्या देवळीत ठेवलेली. हंसाने ताट वाढलं. मी म्हणालो, अचानक शाळेचं काम निघालं. तिने विचारलं, रविवारी? मी म्हणालो, हो. तिने विचारलं, दारव्ह्याले?

रुमालाच्या पिशवीवर दुकानदाराने गावाचं नाव छापलेलं होतं. कशाला छापतात?

५ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा दिवस. "नळ आला." "कुकर बंद करा." यापलीकडे एक शब्द नाही. मी दोनदा हवामानाचा विषय काढला.

आज शाळेतून आलो तर ती अर्पिताशी फोनवर बोलत होती. मी चपला काढत होतो, ऐकत नव्हतो.

"रोल काई खराब नव्हता झाला, बाई. छत्तीस फोटो हायेत, तुह्या मामाकडं पेटीत. छत्तीसबी फोटोत मी हाय, अन् बाजूले कोणी ना कोणी दुसरंच हाय. एकात तुही आत्या, एकात सयपाकी. तुहे बाबा कोठीच नाई. फोटोवाला आला का हे पंगतीचं पानी पाह्याले जात. लोकं विचारत, नवरदेव कुठी हाय? बत्तीस वर्सं मी ह्यायले रोल खराब झाला म्हनून सांगू देल्लं. पर त्या दिवशी नयनच्या दुकानात बसून राह्यली न मी, तवा मले वाटलं का मी अजून त्या मांडवातच हावो."

 मी चपला परत घातल्या आणि चौकापर्यंत जाऊन आलो.

छत्तीस हा आकडा मला जास्त वाटतो.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

लिहिण्यासारखं विशेष काही नाही. एक जुनी गोष्ट, केवळ नोंद म्हणून. हिचा चालू विषयाशी संबंध नाही.

मी चौथीत होतो. बाबा तापाने गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. काका म्हणाले, पोराले उद्या बापाचं तोंड आठवन काय? म्हणून दिग्रसहून फोटोवाला बोलावला. सायकलच्या मागे तीन पायांचा कॅमेरा बांधून तो आला. बाबांना आंघोळ घातली, कोणाचा तरी कोट घातला, अंगणात खुर्चीत बसवलं. पाठीमागून दोरी, वरून शाल, म्हणजे दोरी दिसू नये. मला बाजूला उभं केलं आणि त्यांचा हात उचलून माझ्या खांद्यावर ठेवला.

फोटोवाला काळ्या कापडात शिरला. म्हणाला, "हलू नको रे पोरा. दम धर." मी धरला. उजेड पुरेना म्हणून त्याने तीनदा काढला. तो हात गार होता, आणि जड होत गेला. मी हललो नाही. मग फोटो झाला, हात काढून घेतला, माणसं पुढच्या तयारीला लागली. मी तिथेच उभा. आता हल, असं कोणी म्हणालंच नव्हतं. शेवटी माय आली आणि तिने मला धरून गदागदा हलवलं.

फोटो फार छान आला असं सगळे म्हणायचे. काकांकडे होता. मी पाहिलेला नाही.

असो. उद्यापासून सकाळी फिरायला जाणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फिरायला गेलो नाही. नयनकडे गेलो. हवा खेळती ठेवण्याबाबत त्याला सुचवायचं होतं.

त्याने आधी चहा मागवला. मग, मी न विचारता, म्हणाला, "सर, काकू त्या दिवशी पावनेदोन तास बसल्या. गाडी थांबल्याचा आवाज आला का दरवाज्याकडं पाहत. मी म्हनलं, काकू, तुमचा एकटीचा काढतो तोपर्यंत. तर म्हने, एकटीचे छत्तीस हायेत माहे. मले काई समजलं नाई."

मला समजलं. त्याला सांगितलं नाही.

मी विचारलं, समजा एखाद्या माणसाला भिंगाकडे बघणं जमत नसेल, म्हणजे माझ्या ओळखीचा एक आहे, तर? नयन खाली बघत राहिला. म्हणाला, "त्यायले सांगा का कॅमेऱ्याकडं पाहूच नका. पाहाच लागते असा कायदा थोडीच हाय? काकू बाजूले बसतीन. त्यायच्याकडं पाहा."

'ओळखीचा एक' म्हटलेलं असूनही तो काकू म्हणाला. हुशार पोरगा. बाकावर उभं केल्याचा उपयोग झाला.

रविवार, १६ तारीख, सकाळी साडेदहा. घरी येऊन हंसाला सांगितलं. तिने पीठ मळत विचारलं, "या खेपेले कोणत्या गाडीनं जानार हा?"

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.२०

मी पळालो नाही. हे आधी लिहून ठेवतो.

हंसाने घराच्या फाटकातच माझं मनगट धरलं. लीलाबाई अंगणात होत्या, त्यांनी पाहिलं. भर रस्त्याने असं दिग्रसमध्ये कोणी चालत नाही. मी म्हणालो, सोड, लोक पाहतात. ती म्हणाली, "पाहू द्या." बसस्टँडजवळून जाताना तिने पकड घट्ट केली. यवतमाळची गाडी सुटत होती. मी तिकडे बघितलं, ते केवळ बोर्ड वाचायला.

स्टुडिओत दोन खुर्च्या जवळजवळ. मोरपंखी साडी, केसांत काही नाही. या वेळी फूल तिने माळलं नव्हतं. मी कारण विचारलं नाही.

नयनने लाइट लावले. भिंग वळलं. लगेच मान अडकली. कानात पंप. मी हंसाकडे बघायचं ठरवलं होतं, पण मान वळेना. श्वास कुठे अडकला ते सापडेना. उजव्या खांद्यावर वजन आलं, जड, गार, तिथे काहीच नसताना. दार चार पावलांवर होतं. पाय उठण्याच्या तयारीत होते, आणि मनगटावर तिची बोटं होती. तिने ती घट्ट केली नाहीत. नुसती होती. वाटलं, आता उठलो तर ही मला धरणार नाही.

नयन कॅमेऱ्यामागेच होता.

मग मान फिरली. आधी थोडी, मग पूर्ण. मी हळूच म्हणालो, "हंसा, मले भेव लागून राह्यलं."

ती म्हणाली, "मले मालूम हाय."

"कवापासून?"

"मांडवापासून."

"मंग बोलली काहून नाई?"

"कोनाले बोलू? तुमी पानी पाह्याले गेलते."

मला खोकल्याची उबळ आली. नयन नंतर म्हणाला तो खोकला नव्हता. त्याने कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, झालं सर.

मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, फोटो. मी म्हणालो, अरे, मी तयारच नव्हतो, बोलत होतो. तो नुसता स्क्रीनकडे बघत होता.

मी बसूनच राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. छत्र्या विझल्या. हंसा उभी राहिली, मनगट अजून हातात होतं. म्हणाली, "झालं जी. हाला आता."

त्या जुन्या गोष्टीबद्दल मी तिला कधीच सांगितलेलं नाही.

हाललो.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४५

गाढ झोप लागली. भीती मुळात नव्हतीच, पण जी काही होती ती संपूर्ण गेली. हे सगळं मी एकट्याने, इच्छाशक्तीच्या जोरावर केलं. इतरांना मार्गदर्शन होईल असा एक लेख जिल्ह्याच्या शिक्षक-पत्रिकेला पाठवण्याचा विचार आहे. शीर्षक: 'कॅमेरा आणि आत्मविश्वास'.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोटो आले. म्हणजे एकच. नयन म्हणाला, बाकीच्यांत, सर, तुम्ही 'सर' दिसता. एकातच माणूस आला.

हंसाने तो दिवसभरात चारदा पाहिला. संध्याकाळी लीलाबाई आल्या, त्यांनीही पाहिला. घरी बैठकीच्या खोलीत लावला. फोटोत हंसा सरळ समोर बघते, अगदी निवांत, तिकीट काढून खिडकीजवळची जागा मिळालेल्या बाईसारखी. मी तिच्याकडे बघतो. तोंड अर्धवट उघडं, भुवया वर. चष्मा थोडा तिरपा.

घरासाठी ठीक आहे. ऑफिसात असा चालणार नाही. तिथे सात जण समोर बघतात. रविवारी एकट्याचा काढतो, समोर बघणारा, गंभीर. आता ते पाच मिनिटांचं काम आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्टुडिओपर्यंत गेलो. रुमाल घेतला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पायल मॅडमनी शेवटचं विचारलं. मी म्हणालो, दोन दिवसांत. त्या म्हणाल्या, सर, राहू द्या, मी काकूंशी बोलले. काय बोलल्या ते दोघींपैकी कोणीही सांगत नाही.

लेख पाठवला नाही. पत्रिकेवाले लेखकाचा फोटो मागतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ७

आज सेवानिवृत्त झालो. कार्यक्रम नेटका. शाल, श्रीफळ. देवरावांचं भाषण थोडं लांबलं. अर्पिता नागपूरहून आली होती, पहिल्या रांगेत आईजवळ बसली. पोरं रडली, त्यातली काही खरोखर.

मग फोटोचं अनावरण. पडदा हंसाच्याच हाताने बाजूला करवला. तोच फोटो. नयनने हंसाची बाजू कापून माझीच ठेवली आहे. आता ऑफिसात सात मुख्याध्यापक समोर बघतात, आणि आठवा डावीकडे, पंख्याच्या बटणांकडे, भुवया वर करून, तोंड उघडं ठेवून काहीतरी सांगतो आहे.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. मी पायल मॅडमना हळू आवाजात म्हणालो, पुढच्या महिन्यात बदलून देतो. त्या म्हणाल्या, फ्रेम मागून चिकटवली आहे, सर.

तेवढ्यात दुसरीतली खुशी पुढे आली. फोटोजवळ गेली, टाचा उंच करून नीट पाहिलं आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असं विचारलं, "सर, तुमी फोटोत काय म्हनून राह्यले?"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला आणि सांगितलं, "शाळेच्या प्रगतीबद्दल बोलतो आहे."

पुन्हा टाळ्या. पण त्याआधी पहिल्या रांगेतून हंसा हसली. जोरात, एकटीच, पदर तोंडावर घ्यायच्या आतच. सगळी सभा वळून तिच्याकडे पाहायला लागली तरी तिला थांबता येईना.

एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही.